टिबुकलीचा हिशेब

पक्षीमंडळाच्या निरोपात सूचना स्पष्ट होत्या. भडक कपडे नकोत, सेंट नको, टोपी हवी, वही आणि पेन्सिल हवी, सकाळी साडेसहाला पाषाण तलावाच्या बांधावर हजर. 'पाणपक्षी गणना असल्यामुळे गप्पा कमी' अशीही एक ओळ होती. ती मी वाचली, पण मनावर घेतली नाही. जानेवारीतली सकाळ, थर्मासमधला चहा, पाण्यावर चार रंगीत बदकं आणि आपण दुर्बीण लावून 'अय्या, किती गोड' म्हणायचं, एवढीच माझी पक्षीनिरीक्षणाची कल्पना होती. निवृत्तीनंतर काय काय करायचं याच्या यादीत योगासनं आणि पेटी यांच्या खाली मी ते लिहून ठेवलं होतं. वरची दोन्ही बारगळली म्हणून याचा नंबर लागला.

बांधावर पोचले तेव्हा उजाडत होतं. दहा-बारा जण आधीच जमलेले आणि सगळे मातकट, शेवाळी, करडे. माझा स्वेटर मोरपंखी होता. घरून निघताना तो मला सौम्य वाटला होता. "भडक नाहीये ना फारसा?" मी विचारलं. मंडळात ज्यांना सगळे 'सर' म्हणतात ते एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणाले, "पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणसुद्धा बऱ्याच जणांना दिसतात." एवढं बोलून त्यांनी अंगातलं खाकी जर्किन काढून माझ्या हातात ठेवलं. ते मला गुडघ्यापर्यंत आलं आणि सर त्या थंडीत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर उभे राहिले.

दुर्बीण मात्र माझी स्वतःची होती. ऑनलाइन घेतलेली. निवडताना निकष एकच लावला होता, जिच्यावर मोठा आकडा ती चांगली. तिच्यावर '20×50' असं छापलेलं होतं. शेजारच्या ताईंनी ती डोळ्यांना लावून पाहिली, काही बोलल्या नाहीत आणि आपल्या पिशवीतून दुसरी काढून दिली. तिच्यावर 8×42. "पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वीस पट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही वीस पट दिसते. शिवाय दिसणारा तुकडा इवलासा. त्यात पक्षी सापडणार कसा?" मग त्यांनी डोळ्यांकडच्या रबरी वाट्या खाली फिरवून बसवल्या. चष्मेवाल्यांनी त्या खालीच ठेवायच्या, नाहीतर डोळा भिंगापासून लांब राहतो आणि चित्राच्या कडा काळ्या पडतात. मी आजवर त्या वर ठेवून, चष्मा काढून बघत होते. उजव्या भिंगापाशी आणखी एक चकती असते, तिला डायॉप्टर म्हणतात. म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक मिटवायची सोय. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ करायचं, मग डावं झाकून ती चकती फिरवायची. एकदा जमलं की तिला पुन्हा हात लावायचा नाही. मी मान डोलावली आणि पुढच्याच मिनिटाला हात लावला.

सगळं जुळवूनही दुर्बिणीत पक्षी येईना. नुसतं पाणी, मग झाड, मग कुणाचा तरी कान. ताई म्हणाल्या, "दुर्बिणीतून पक्षी शोधायचाच नाही. नुसत्या डोळ्यांनी शोधायचा, नजर त्याच्यावरच ठेवायची, आणि मान न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्यांपुढे धरायची." तसं केलं आणि खरोखर एक पांढराशुभ्र पक्षी चौकटीत आला. जलपर्णीला टेकून अगदी स्थिर बसला होता. मी त्याला डोळे भरून पाहिलं. डोकं कुठल्या बाजूला आहे याचा मात्र अंदाज येईना. आमच्यात नववीतला एक मुलगा होता. तो हळूच म्हणाला, "काकू, तो थर्माकोल आहे."

तोवर सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. ही आशियाई पाणपक्षी गणना. आपल्या उपखंडात 1987 साली सुरू झाली, दर जानेवारीत होते, आणि मोजणारे बहुतेक हौशी. जानेवारीच का, तर उत्तरेकडून आलेले पाहुणे तोवर आपापल्या पाण्यावर स्थिरावलेले असतात. येणाऱ्यांची गडबड संपलेली, जाणाऱ्यांची सुरू व्हायची. ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये मोजायला गेलं तर आज इथे असलेला थवा उद्या दुसऱ्या तलावावर, आणि तोच दोन ठिकाणी मोजला जायचा. दरवर्षी तेच तलाव, तोच हंगाम, होता होईल तो तीच पद्धत ठेवली की वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून कळतं, कोणतं पाणी पक्ष्यांनी सोडलं आणि कोणतं धरलं. "एखादा पक्षी अजिबात दिसला नाही, तर तेही लिहायचं," सर म्हणाले. "शून्य हाही आकडाच."

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बँकेत होतात ना? कॅशला?"

होते. उभी नोकरी काउंटरच्या मागे काढली. संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तरी घरी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

"मग वारकरी तुमच्याकडे," सर म्हणाले. माझ्या मनात आलं, चला, निदान एक काम तरी आपल्या हातचं निघालं.

वारकरी म्हणजे पाण्यावरचे ते काळे पक्षी. चोच पांढरी, आणि तोच पांढरा रंग वर कपाळावर चढलेला, म्हणून चांदवाही म्हणतात. मी वहीत 'काळी बदकं' असा मथळा घातला. मुलाने न बोलता खोडरबर पुढे केलं. पेनाऐवजी पेन्सिल का मागवली होती, त्याचा तिथे उलगडा झाला. वारकरी बदक नव्हेच, तो पाणकोंबडीचा भाऊबंद. बदकाची चोच चपटी, याची टोकदार. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो, याच्या प्रत्येक बोटाला सुटी झालर. पोहताना मान सारखी पुढे-मागे करतो, तेवढ्यावरूनसुद्धा लांबून ओळखता येतो. खरी पाणकोंबडी काठच्या लव्हाळ्यात होती, जांभळ्या-निळ्या अंगाची आणि लाल चोचीची. एका पायावर उभी राहून तिने दुसऱ्या पायाच्या लांबलचक बोटांत एक देठ पकडला, तोंडाशी नेला आणि सोलून आतला गाभा तेवढा खाल्ला. साल टाकून दिली. मी सगळं विसरून ते बघत राहिले. मुलाने विचारलं, "वारकरी किती झाले?" अजून एकही झाला नव्हता.

पेन्सिलीचं टोक एकेका काळ्या ठिपक्याकडे रोखून मी मोजायला लागले. साठ-पासष्टपर्यंत बरं चाललं. मग डावीकडच्या घोळक्यातले काही उजवीकडे सरकले, उजवीकडचे दोघं भांडत भांडत मध्ये आले, आणि मोजलेले कोण, राहिलेले कोण, कशाचा कशाला पत्ता लागेना. पुन्हा सुरुवात केली, वेगळा आकडा आला. पुन्हा केली, तिसराच. बँकेत असं झालं असतं तर दोनदा सारखा आकडा येईपर्यंत मी मोजत बसले असते. इथे नोटा पोहत होत्या.

त्यातच टिबुकल्या. टिबुकली हा पाण्यावरचा सगळ्यात लहान पक्षी, मुठीएवढा, थंडीत मातकट तपकिरी, शेपूट जवळजवळ नाहीच. तिचा उद्योग बुडी मारण्याचा. पाच मोजल्या आणि सहावीकडे गेले तर पहिल्या तीन गायब. पाण्यावर नुसती वर्तुळं. त्या परत वर येतात, पण जिथे बुडाल्या तिथे नाही. आता वर आलेली ही मघाचीच की नवी, हे कसं ठरवायचं? मी आधी प्रत्येक बुडी वजा आणि प्रत्येक वर येणं जमा, असं धरून पाहिलं. थोड्याच वेळात शिल्लक उणे दोन आली. उणे दोन टिबुकल्या असलेला तलाव मंडळाने आजवर पाहिला नसावा. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. एका क्षणी जास्तीत जास्त किती दिसतात, तेवढाच आकडा धरायचा." थांबून बघत राहिले. कधी चार, कधी सहा, एकदा सात. सात लिहिले. त्या सातांच्या खाली आणखी किती असतील या विचाराने मात्र पुढे बराच वेळ अस्वस्थ होते.

वारकऱ्यांसाठी मुलाने युक्ती शिकवली. आधी दहा नीट मोजायचे. ते दहा पाण्याची किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्यायचं, आणि मग डावीकडून उजवीकडे तेवढ्या तेवढ्या जागेचे ठोकळे मोजत जायचं. थवा मोठा असला तर पन्नासाचा ठोकळा करायचा. जिथे दाटी असेल तिथे ठोकळा लहान धरायचा, विरळ असेल तिथे मोठा. "आणि काकू, नवीन माणूस मोठा थवा नेहमी कमीच मोजतो," तो म्हणाला. मी मनातल्या मनात ठरवलं की आपण तसं करायचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या बोटाकडे बघत दहा, वीस, तीस म्हणत होते. अंदाज या शब्दाला आमच्या शाखेत वाईट वास होता. इथे तो शिकावा लागतो, त्याला पद्धत असते, हे पचायला वेळ लागला. अडीचशेच्या पुढे गेले होते, शेवटचा कोपरा राहिला होता, आणि एकाएकी सगळे वारकरी चारी बाजूंनी मध्ये येऊन एकमेकांना चिकटले. मला वाटलं, छान झालं, मोजायला सोपं! सगळ्यांच्या दुर्बिणी मात्र वर गेलेल्या. लव्हाळ्यावरून एक मोठा तपकिरी शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून संथ तरंगत येत होता. भोवत्या. पाणथळीवरचे कमजोर, जखमी पक्षी हेरत हिंडणं हे त्याचं काम. तो खाली झेपावला आणि वारकरी पाण्यावर पाय आपटत, फटफट आवाज करत धावत सुटले. हा पक्षी सहजासहजी हवेत उठत नाही, आधी पाण्यावरून धावपट्टी लागते. भोवत्याला काहीच मिळालं नाही. माझी अडीचशेची मोजणी मात्र गेली.

बसावं म्हणून मी काठाशी एक मोकळी जागा बघितली आणि थर्मास टेकवला. टेकवलेल्या जागेपासून दोन हातांवरचा चिखल उडाला. खरंच उडाला, आणि उडताना पांढराशुभ्र झाला. ढोकरी. बसली की पाठीच्या मातकट रंगामुळे चिखलात मिसळून जाते, पंख उघडले की सगळं पांढरं. मी तिथे पाच मिनिटं तरी उभी होते. सगळ्यांनी तिला आधीच पाहिलेलं होतं. मीही पाहिलेलंच असणार असं समजून कुणी काही बोललं नव्हतं.

दिशा सांगायची मंडळाची पद्धतही मला जड गेली. "थापट्या, तो बघा, त्या वारकऱ्याच्या डावीकडे!" असं कुणीतरी म्हणायचं. समोर तीनेकशे वारकरी. सगळे अचूक त्याच वारकऱ्याच्या डावीकडे बघायचे, मी एकटी तळ्याचं निरीक्षण करायचे. शेवटी ताईंनी तिकाटण्यावरच्या मोठ्या स्पॉटिंग स्कोपला माझा डोळा लावला, तेव्हा थापट्या दिसला. हिरवं डोकं, पांढरी छाती, कुशीला विटकरी रंग आणि चोच टोकाला पसरत गेलेली, थेट उलथण्यासारखी. ती चोच पाण्यात बुडवून तो गोल गोल फिरत होता. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यातून पाणी गाळून किडे, बिया मागे राहतात. हा हिवाळ्यातला पाहुणा. त्याच्याबरोबर दुसरीही एक जात होती, साधी तपकिरी, चोच तशीच. मी उत्साहाने वेगळा रकाना आखला. ती थापट्याची मादी होती. पाहुण्या बदकांत बहुतेक वेळा नर नटलेले आणि मादी साधी, मग अंड्यांवर बसल्यावर ती दिसून येत नाही. रकाना खोडला.

एक पक्षी मात्र मी कुणाच्या मदतीशिवाय ओळखला, तो हळदीकुंकू. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपका. एकदा ऐकलं की पुन्हा विचारावं लागत नाही. हा इथलाच, पाहुणा नव्हे, आणि यात नर-मादी जवळपास सारखेच. जलपर्णीच्या कडेने एक जोडी येताना मी आधी पाहिली, मीच आधी ओरडले. ओरडायचं नसतं. सर कुजबुजले, "बरोबर. पण ही मघाचीच जोडी, मोजून झालीय."

ऊन वर आलं तसा वासही वर आला. एका बाजूने काळं पाणी तळ्यात येत होतं, त्याच्यावर फेस. पाषाणचा तलाव राम नदीवरचा. ती वाटेत शहराचं सांडपाणी घेऊन येते. तिच्या मुखाशी काळ्या चिखलात शेकाटे चरत होते. काळे-पांढरे, सडपातळ, गुलाबी पाय इतके लांब की चिखलात वीतभर रुतूनही पोट कोरडं. एवढा देखणा पक्षी त्या घाणीत का उभा आहे? मी सरांना विचारलं तेव्हा पहिल्यांदाच मला शाबासकी मिळाली, प्रश्नाबद्दल. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस येतो, म्हणजे एका अर्थी खतच. त्यावर शेवाळ वाढतं, अळ्या वाढतात, गोगलगायी वाढतात. ते खाणाऱ्यांची चंगळ होते. शेकाटे, बगळे, ढोकऱ्या, पाणकोंबड्या असं पाणी सोसतात. ज्यांना स्वच्छ, मोकळं पाणी लागतं ती पाहुणी बदकं हळूहळू येईनाशी होतात. त्याच खतावर जलपर्णी फोफावते. ती मुळात दक्षिण अमेरिकेतली. ती पाणी झाकते, खाली उजेड आणि प्राणवायू कमी होतो. "मग तळ्यावर पक्षी खूप आहेत म्हणजे तळं चांगलं, असं नाही?" "किती आहेत हे अर्धं उत्तर. कोण आहेत आणि कोण नाहीत ते बघा." सर पूर्वी इथे येणाऱ्या बदकांची नावं घेत गेले. मी ती वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येकापुढे शून्य लिहिलं. जलपर्णी काढून टाकायला हवी ना, असंही मी विचारलं. तेव्हा ताई म्हणाल्या, "काढायची, पण सांडपाणी येतंय तोवर ती परत येणारच. आणि तुमची ती देठ सोलणारी पाणकोंबडी त्याच गिचमिडीत राहते." मला एक सरळ उत्तर हवं होतं.

तिथून गाड्या खडकवासल्याला निघाल्या. वारज्यावरून सिंहगड रस्त्याला लागताना मी मनाशी हिशेब मांडला. पाषाणच्या डबक्यावर एवढे, तर धरणाच्या अथांग पाण्यावर किती असतील! खडकवासला पुण्याच्या घरोघरी माहीत आहे. फाईफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात बांधलेलं हे धरण, म्हणून फार दिवस त्याला 'लेक फाईफ' म्हणत. 12 जुलै 1961 ला वर पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे हेही फुटलं. आमच्या घरी अजूनही लग्नं, बारशी 'पुराच्या आधीची' आणि 'पुरानंतरची' अशीच सांगतात. असलं सगळं मी गाडीत ऐकवलं. पक्ष्यांबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून पाण्याबद्दल बोलून घेतलं.

पानशेत रस्त्याच्या कडेला, चौपाटीची गर्दी मागे टाकून, आम्ही पाण्यापाशी उतरलो. निळं, स्वच्छ, लांबवर पसरलेलं पाणी, पलीकडे एनडीएच्या टेकड्या. आणि पक्षी? मी दुर्बीण डावीकडून उजवीकडे फिरवली, मग उजवीकडून डावीकडे. काही नाही. वासही नाही. "खोल आहे," मुलगा म्हणाला. "चिखलात चालणाऱ्यांना उथळ काठ लागतो, बदकांना बुडातल्या वनस्पती लागतात. इथे काठापासूनच पाणी खोल होतं. शिवाय वरच्या धरणांतून पाणी सोडतात, शहराला घेतात, पातळी खालीवर होत राहते, मग काठावर काही रुजत नाही." एवढ्या मोठ्या पाण्यावर मासे खाणाऱ्यांचंच राज्य. दूर पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या खोडावर पाणकावळे बसले होते, पंख पसरून. त्यांची पिसं पाण्याने बऱ्यापैकी भिजतात, त्यामुळे बुडी मारताना अंग हलकं राहून वर येत नाही. पण नंतर ती अशी वाळवावी लागतात. खोडावर पाच पाणकावळे आणि एक वाळकी फांदी होती. मी सहा लिहिले.

काठाच्या खडकांवर एक लहानसा पक्षी शेपटी सारखी खालीवर करत चालला होता. शेपटी हलवणारा म्हणजे धोबी, हे मला पाषाणलाच कळलेलं. मी ठासून सांगितलं, धोबी. तुतवार निघाला. धोबी नुसती शेपटी हलवतो, तुतवाराचं मागचं अख्खं अंग डुलतं. त्याची पांढरी छाती खांद्यापाशी पंखाच्या वर चढलेली दिसते, तिथे बघायचं. दोघंही पुढे तासभर खडकांवर हिंडत होते आणि मला निम्म्या वेळी तरी बरोबर ओळखता यायला लागलं. निम्म्या वेळी म्हणजे छापा-काटा करूनही आलं असतं, हे यांनी रात्री घरी लक्षात आणून दिलं.

नदीसुरयांनी शेवट अवघड केला. पांढरट-राखी पक्षी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, पाण्यावरून खाली बघत उडायचे आणि मध्येच सरळ खाली सुटून मासा उचलायचे. मोठ्या नद्या-धरणांवरचा हा पक्षी, संख्या घटत चाललेली, म्हणून सगळे एकदम गंभीर झाले. एक डावीकडून गेला, मी काडी मारली. एक उजवीकडून आला, काडी. दोन डावीकडे, दोन काड्या. चार उभ्या आणि पाचवी आडवी मारून मी एक पूर्ण जुडी केली आणि दुसरी धरली. सरांनी वहीत डोकावून पाहिलं. "इथे दोनच आहेत. ते येरझाऱ्या घालतायत." ताईंचं म्हणणं तीन, कारण एकदा त्यांना तिघं एकदम दिसले होते. तिसरा तेव्हा माझ्या टोपीच्या काठामागे असावा. तीन धरले.

बदकं या पट्ट्यात एकही नव्हतं. फॉर्मवर थापट्यापुढे शून्य, हळदीकुंकूपुढे शून्य असं मला लिहायला सांगितलं. हात वळेना. एवढ्या लांब येऊन, एवढं सुंदर पाणी बघून, शून्य? मी विचारलं, "रिकामं सोडलं तर?" सर म्हणाले, "रिकामं म्हणजे बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं." लिहिलं.

चौपाटीवर एका टपरीपाशी बाकडी होती. कांदाभजी आली, पिठलं-भाकरी आली, आणि मग आकड्यांची जुळणी सुरू झाली. पाषाणच्या वारकऱ्यांचा माझा आकडा दोनशे ऐंशी. भोवत्या येऊन गेल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून ठोकळे केले होते. मुलाचा तीनशे चाळीस. मला वाटलं, आता सरासरी काढतील, आणि कागद पुढे ओढला. सरांनी सरासरी काढली नाही. त्यांनी विचारलं, कोण कुठे उभं होतं. मी बांधाच्या मध्यावर, खाली उतरून. मुलगा टोकाला, उंचावर. जलपर्णीच्या मोठ्या बेटामागचा घोळका त्याला दिसत होता, मला दिसणं शक्यच नव्हतं. त्याचा आकडा धरला, माझा सोडला. नवीन माणूस कमीच मोजतो, हे तो पुन्हा म्हणाला नाही, भजी पुढे केली.

फॉर्म भरून झाल्यावर अक्षर बरं म्हणून शेवटची प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मन लावून केलं. नावं एकाखाली एक, आकडे उजवीकडे एका रेषेत, आणि तळाशी सवयीने दुहेरी रेघ मारून 'एकूण' लिहिलं, दोन्ही पाण्यांची बेरीज केली. सरांनी कागद हातात घेतला, बघितला, चष्मा कपाळावर सारला. "तीनशे चाळीस वारकरी अधिक सात टिबुकल्या अधिक तीन नदीसुरय म्हणजे नक्की काय झालं?" मला सांगता येईना. मी खोडरबर मागितलं. मुलाने ते दिलं, पण देण्याआधी फोनवर सगळे आकडे टाकून बघितले.

"काकू," तो म्हणाला, "बेरीज मात्र बरोबर आहे."